शाकुंतलाची तालीम

शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटक पाहताना आपण दोन-तीन तास रंगून जातो. पडदा वर जातो, पात्रे येतात, बोलतात, गातात, आणि टाळ्यांच्या गजरात पडदा पुन्हा खाली येतो. त्या दोन-तीन तासांच्या मागे कित्येक दिवसांच्या तालमी उभ्या असतात, हे मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. एकच वाक्य पंचवीस वेळा म्हणावे लागते. एकच पद घसा बसेपर्यंत घोटावे लागते. चुकले की पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. तेथे टाळ्या नसतात, रंगीबेरंगी पोशाख नसतात, दिव्यांचा झगमगाटही नसतो. असते ते केवळ कष्टाचे काम. मराठी संगीत नाटकाचा जन्म अशाच एका तालमीत झाला. ती तालीम धंदेवाईक नटांची नव्हती. दिवसभर आपापला उद्योग सांभाळून संध्याकाळी एकत्र जमणाऱ्या हौशी मंडळींची ती तालीम होती. त्या मंडळींचे नायक होते बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर या नावाने ओळखतो.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात आहे. घरात मराठी आणि घराबाहेर कानडी, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. दोन्ही भाषांतील गाणी त्यांच्या कानावर पडत होती. कानडी मुलखात गाऊन-नाचून देवादिकांच्या कथा दाखविण्याची जुनी परंपरा होती. लहानपणी कानांत साठलेल्या या चाली पुढे मराठी रंगभूमीवर ऐकू येणार होत्या. पण त्या वेळी हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

ज्या वर्षी अण्णासाहेब जन्माला आले, त्याच वर्षी मराठी नाटकही जन्माला आले, हा एक सुंदर योगायोग होय. १८४३ च्या नोव्हेंबर महिन्यात सांगली येथे विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचे आख्यान रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या नाटकांची पद्धत आजच्याहून अगदी निराळी होती. सूत्रधार आपल्या साथीदारांसह प्रयोगभर रंगभूमीवर उभा असे. कथेतील सर्व पदे तोच म्हणे. राजा असो की राणी, देव असो की राक्षस, त्यांच्या मनातील भाव सूत्रधाराच्याच तोंडून प्रकट होत. पात्रे त्या पदांच्या अर्थाला धरून आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. राक्षस आरडाओरडा करीत तलवारी परजीत येत. त्यावरून पुढे या खेळांना थट्टेने अललडुर्र नाटके असे नावही पडले. आरंभी या खेळांनी महाराष्ट्राला वेड लावले. परंतु जो तो त्याच वाटेने जाऊ लागल्यावर त्यांतील गोडी ओसरू लागली.

१८६३ च्या सुमारास अण्णासाहेब शिक्षणासाठी पुण्यास आले. वडिलांची इच्छा मुलाने शिकून मोठे व्हावे अशी होती. परंतु पुण्यात त्यांचे मन शाळेपेक्षा नाटकांच्या बिऱ्हाडांकडेच अधिक ओढ घेऊ लागले. त्यांना पदे रचण्याचे अंग होते. नाटक मंडळ्यांना ते पदे करून देऊ लागले. रात्री नाटक आणि दिवसा अभ्यास, ही ओढाताण फार काळ टिकणे शक्य नव्हते. शिक्षण अपुरेच राहिले आणि अण्णासाहेब परत फिरले.

घरी परतल्यावरही नाटकाचे वेड कमी झाले नाही. १८६६ मध्ये त्यांनी काही सोबती जमवून भारतशास्त्रोत्तेजक मंडळी या नावाची नाटक मंडळी काढली. नाव मोठे होते, उमेदही मोठी होती. परंतु मंडळी फार दिवस चालली नाही. केवळ हौसेवर उभारलेले घर वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर डळमळू लागते, याचा अनुभव त्यांना ऐन तारुण्यात आला. हे अपयश त्यांच्या मनाला लागले असेल. पण त्यांनी ते वाया जाऊ दिले नाही. पुढे चौदा वर्षांनी त्यांनी पुन्हा माणसे जमविली, तेव्हा त्या हौसेला नियमाची आणि मेहनतीची जोड होती.

मधल्या काळात त्यांनी संसाराची जबाबदारी ओळखून नोकरी पत्करली. काही काळ ते बेळगावास शिक्षक होते. तेथे त्यांच्या सहवासात आलेला एक विद्यार्थी पुढे मराठीचा श्रेष्ठ नाटककार झाला. तो विद्यार्थी म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. पुढे अण्णासाहेब सरकारी महसूल खात्यात शिरले आणि रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत काम करू लागले. कचेरीच्या कागदांच्या ढिगाऱ्यातही त्यांची लेखणी नाटकाला विसरली नाही. १८७३ मध्ये आद्य शंकराचार्यांच्या जीवनावरील त्यांचे शांकरदिग्जय हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले.

या सुमारास मराठी नाटकाच्या दोन वाटा झाल्या होत्या. एका वाटेवर भाव्यांच्या पठडीतील पौराणिक खेळ होते. त्यांत गाणे भरपूर होते, पण ते सूत्रधाराचे होते. आणि भाषणांना निश्चित असे रूप नव्हते. दुसऱ्या वाटेवर बुकिश नाटके होती. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये थोरले माधवराव पेशवे हे स्वतंत्र नाटक लिहिले, तेव्हापासून लिहून काढलेली आणि पाठ करून म्हटलेली भाषणे रंगभूमीवर येऊ लागली. त्यांत साहित्य होते, विचार होता. परंतु गाण्याची आवड असलेल्या सामान्य प्रेक्षकाला ती काहीशी कोरडी वाटत. एकीकडे सूर होते आणि दुसरीकडे शब्द होते. त्या दोहोंचा मिलाफ करणारा कोणी तरी हवा होता.

१८८० मध्ये अण्णासाहेब पुण्यात नोकरीला होते. तेथे एका पारशी नाटक मंडळीने केलेला इंद्रसभा या उर्दू संगीत नाटकाचा खेळ त्यांच्या पाहण्यात आला, असे सांगतात. त्या खेळातील पात्रे स्वतःच गात होती. राजाचे गाणे राजाच्या तोंडी होते आणि परीचे गाणे परीच्या तोंडी होते. हे पाहून अण्णासाहेबांच्या मनात एका विचाराने घर केले. असे नाटक मराठीत का होऊ नये? आणि व्हायचेच असेल, तर ते केवळ डोळे दिपविणारे न होता उत्तम काव्याने नटलेले का नसावे?

त्यांची दृष्टी कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलाकडे वळली. ही निवड सोपी नव्हती. सात अंकांचे हे संस्कृत नाटक विद्वानांच्या जिव्हाळ्याचे होते. त्याची मराठी भाषांतरे यापूर्वी झाली होती. परंतु ती मुख्यतः वाचण्यासाठी होती. जे नाटक पंडितांना तोंडपाठ होते, ते गाण्याच्या रूपाने सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे ठेवायचे, यात दुहेरी धोका होता. साधले नाही तर विद्वान नाके मुरडणार आणि सामान्य लोक कंटाळून उठून जाणार!

याहून मोठा धोका निराळाच होता. त्या काळी नाटकात काम करणाऱ्या माणसाला समाजात मान नव्हता. नाटक्या हा शब्दच तिरस्काराने उच्चारला जाई. ज्या पुण्यात त्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि तरुण विद्वान देशकार्याचे बेत करू लागले, त्याच पुण्यात सरकारी नोकरीतील सदतीस वर्षांच्या एका गृहस्थाने तोंडाला रंग लावून उभे राहणे, हे लोकांच्या नजरेत भरणारे होते. त्यातच पूर्वीची एक मंडळी बुडालेली. पुन्हा अपयश आले असते, तर हसू झाले असते ते त्यांचे एकट्याचे नव्हे, त्यांच्यावर विश्वास टाकून आलेल्या सर्वांचेच. तरीही अण्णासाहेबांनी माघार घेतली नाही.

त्यांनी प्रथम माणसे शोधली. मोरोबा वाघोलीकर यांचा आवाज गोड होता. बाळकोबा नाटेकर यांना गाण्याची उत्तम जाण होती. शंकरराव मुजुमदार हे तरुण होते व त्यांच्या अंगी अभिनयाचे गुण होते. वाघोलीकरांकडे दुष्यंत राजाची भूमिका आली, नाटेकरांकडे कण्व ऋषींची, आणि मुजुमदारांकडे शकुंतलेची. त्या काळी स्त्रिया मराठी रंगभूमीवर काम करीत नसत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच कराव्या लागत. सूत्रधाराचे काम अण्णासाहेबांनी स्वतःकडे घेतले. यातही एक गंमत आहे. ज्याने सूत्रधाराच्या गळ्यातील गाणे काढून पात्रांच्या गळ्यात घातले, तोच या नाटकाचा सूत्रधार झाला. मात्र हा सूत्रधार आरंभी नटीसह येऊन प्रस्तावना करी आणि नाटक पात्रांच्या स्वाधीन करून निघून जाई.

मग लेखन आणि तालीम ही दोन्ही कामे हातात हात घालून सुरू झाली. पदे रचताना अण्णासाहेबांनी लोकांच्या ओठांवरील चालींचा उपयोग केला. कीर्तनातील साकी आणि दिंडी, घराघरांतील स्त्रियांच्या ओव्या, लावणीच्या ठसकेदार चाली, कानडी मुलखातील गोड वळणे आणि रागदारीतील चिजा, या सर्वांना त्यांनी शाकुंतलात स्थान दिले. पुढे सातही अंक पूर्ण झाले, तेव्हा या नाटकातील पदांची संख्या सुमारे दोनशे झाली. एवढी पदे असूनही कथेचा ओघ तुटत नसे. याचे कारण असे, की बोलता बोलता मन भरून यावे आणि मग शब्दांचेच गाणे व्हावे, अशा जागी ती पदे आली होती. शिवाय ती लहान आणि अर्थाला धरून होती. ती गाऊन होताच पात्र पुन्हा संभाषणाकडे वळे.

परंतु कागदावर जे सहज वाटते, ते रंगभूमीवर आणणे फार कठीण असते. नुसत्या गवयाला हे नाटक पेलणारे नव्हते आणि नुसत्या नटालाही नव्हते. गवई बैठकीत बसून गातो. डोळे मिटून तो सुरात रमला, तरी कोणी त्याला दोष देत नाही. येथे मात्र उभ्याने गायचे, चालताना गायचे, समोरच्या पात्राकडे पाहून गायचे आणि तेही असे, की प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला कळावा. त्या काळी आवाज मोठा करणारी यंत्रे नव्हती. आपला श्वास आणि आपली छाती, हीच नटाची सामग्री. बोलण्याची पट्टी आणि गाण्याची पट्टी यांत सांधा दिसता कामा नये. जुन्या खेळांत भाषण विसरले तर नट वेळ मारून नेत असे. येथे शब्द ठरलेले होते आणि त्यांच्या पाठोपाठ तालाची मात्रा उभी होती. एक शब्द गळला तर तबलजी पुढे आणि नट मागे, अशी अवस्था व्हायची!

दुष्यंताची भूमिकाच पाहा. पहिल्या अंकात तो हरणाचा पाठलाग करीत आश्रमात येतो. झाडांना पाणी घालणाऱ्या शकुंतलेला आणि तिच्या सख्यांना पाहून तो झाडाआड थांबतो. त्याच्या मनातील भाव पदांतून प्रकट होतात. ते गाणे साऱ्या नाटकगृहाला ऐकू गेले पाहिजे. पण चार हातांवर उभ्या असलेल्या शकुंतलेला मात्र ते ऐकू येत नाही, असे प्रेक्षकांना वाटले पाहिजे. हे कसे साधायचे? आवाज लहान करून ते साधत नाही. मान किती वळवायची, दृष्टी कोठे ठेवायची, त्याच वेळी सख्यांनी आपल्या बोलण्यात कसे गुंतून राहायचे, हे सगळे ठरवावे लागते. एकाच्या पदाच्या वेळी तिघांची तालीम होते, ती अशी. शिवाय दुष्यंत हा राजा. प्रेमाने व्याकूळ झाला तरी त्याचे राजेपण सुटता कामा नये. पहिले तीन अंक ही भूमिका सतत रंगभूमीवर असते. एवढा वेळ गळा ताजा राखायचा, तर पहिल्याच पदात सारी शक्ती खर्चून चालत नाही. कोठे राखायचे आणि कोठे उधळायचे, हे नटाला तालमीतच उमगते.

शकुंतलेची भूमिका निराळ्या कारणाने अवघड. एका तरुण पुरुषाने नऊवारी लुगडे नेसून, घागर कमरेवर घेऊन, तपोवनात वाढलेल्या मुग्ध मुलीसारखे वावरायचे. भुंगा अंगावर आला की दचकायचे. पण ते दचकणे प्रेक्षकांना हसू येईल असे असून चालायचे नाही. स्त्रीचा पोशाख करणे सोपे. स्त्रीची लज्जा, तिची उत्कंठा, तिचे दुःख आपल्या चालण्याबोलण्यात आणणे कठीण. थोडे अधिक झाले की थट्टा होते, थोडे उणे पडले की भूमिका निर्जीव होते. हा तोल आरशापुढे उभे राहून येत नाही. तो दहा जणांच्या नजरेखाली चुकत चुकतच शिकावा लागतो.

आणि कण्व! तो केवळ चौथ्या अंकात येतो. पण तो अंक म्हणजे शाकुंतलाचे हृदय. पोटच्या मुलीप्रमाणे वाढविलेल्या शकुंतलेला सासरी पाठविण्याचा तो प्रसंग. कण्व विरक्त ऋषी आहे; तरी त्याचा कंठ दाटून येतो. आता नटाची अडचण पाहा. कण्वाचा कंठ दाटला पाहिजे. पण नटाचा कंठ दाटून चालत नाही, कारण त्याला गायचे आहे. नट स्वतः रडू लागला, तर सूर तुटेल आणि प्रेक्षक कोरडे राहतील. त्याने स्वतःला सावरून गायले, तरच प्रेक्षकांचे डोळे भरून येतील. उत्तम गाणे आणि उत्तम अभिनय यांतील हे रहस्य नाटेकरांसारख्या जाणत्या गायकाच्या हाती ही भूमिका सोपविताना अण्णासाहेबांनी ओळखले होते. कोणत्या गळ्यातून कोणते पद खुलेल, हे जाणूनच ते भूमिका वाटीत आणि पदे रचीत.

१८८० च्या दसऱ्याचा मुहूर्त साधून पुण्यातील तांबेकरांच्या वाड्यात शाकुंतलाच्या पहिल्या अंकाची तालीम झाली. दसऱ्याला महाराष्ट्रात सीमोल्लंघन करण्याची प्रथा आहे. त्या दिवशी या हौशी मंडळींनीही एक सीमा ओलांडली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अवघे अडीच आठवडे असतात. तेवढ्याच अवधीने प्रयोग ठरला होता. सातही अंक बसवीपर्यंत थांबावे, की जेवढे तयार झाले तेवढे लोकांपुढे ठेवावे? मंडळींनी दुसरा मार्ग स्वीकारला. चार अंकच करायचे; पण ते चोख करायचे.

३१ ऑक्टोबर १८८० हा रविवारचा दिवस. दिवाळी तोंडावर आली होती. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात संगीत शाकुंतलाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. नांदीचे सूर उमटले, सूत्रधार झालेले अण्णासाहेब पुढे आले, आणि एक नवे युग सुरू झाले. कालिदासाचे काव्य आपल्या ओळखीच्या चालींवर, आपल्या भाषेत, त्या त्या पात्राच्याच तोंडून ऐकताना पुणेकर प्रेक्षक तल्लीन झाले. ज्यांना संस्कृत येत होते ते रसाने डोलले. ज्यांना येत नव्हते त्यांनाही काही उणे वाटले नाही. चौथ्या अंकाच्या शेवटी शकुंतला आश्रमाचा निरोप घेऊन निघते. तिला वाटेवर सोडूनच त्या रात्री प्रेक्षक घरी परतले. पुढे काय होते हे बहुतेकांना ठाऊक होते. तरीही उरलेले तीन अंक पाहण्यासाठी ते उत्सुक झाले. हौशी मंडळींच्या तालमीला याहून मोठे पारितोषिक कोणते?

पुढे अण्णासाहेबांनी उरलेले अंक पूर्ण केले. प्रयोगांची मागणी वाढत चालली. हौस म्हणून एकत्र आलेल्या मंडळींची किर्लोस्कर नाटक मंडळी झाली. नोकरी आणि नाटक या दोन दरडींवर पाय ठेवून चालणे अशक्य झाले, तेव्हा अण्णासाहेबांनी नोकरी सोडली आणि नाटकाला वाहून घेतले.

१८८२ मध्ये बडोद्याचा एक तरुण मंडळीत आला. त्याचे नाव भाऊराव कोल्हटकर. वय एकोणीस वर्षांचे, रूप देखणे आणि गळा अलौकिक. शकुंतलेची भूमिका आता त्याच्याकडे आली. असा कंठ हाती लागताच अण्णासाहेबांच्या प्रतिभेला नवा बहर आला. त्यांनी संगीत सौभद्र लिहिले. या वेळी कालिदासाचा आधार नव्हता. अर्जुन आणि सुभद्रा यांच्या विवाहाची महाभारतातील कथा घेऊन त्यांनी आपल्या बुद्धीने नाटकाची रचना केली. या नाटकातील द्वारका वस्तुतः एखादे मराठी घरच वाटते. रागीट पण सरळ मनाचा बळराम, हसत हसत सूत्रे हलविणारा कृष्ण, संन्याशाचे सोंग घेतलेला अर्जुन आणि मनातले बोलू न शकणारी सुभद्रा, ही सारी माणसे प्रेक्षकांना आपल्या नात्यातली वाटली. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात सौभद्राच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी पाचही अंक रंगभूमीवर आले. वाघोलीकरांचा अर्जुन, नाटेकरांचा नारद आणि भाऊरावांची सुभद्रा यांनी महाराष्ट्र वेडावून टाकला. मराठी संगीत नाटकांत सौभद्राइतके दीर्घायुष्य फारच थोड्या नाटकांना लाभले आहे.

१८८४ मध्ये रामराज्यवियोग या त्यांच्या तिसऱ्या संगीत नाटकाचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. पुढील अंक लिहून व्हावयाचे होते. शाकुंतलही असेच आधी अर्धे आणि मग पूर्ण झाले होते. सौभद्राचेही तसेच झाले होते. या नाटकाचेही तसेच होईल, असे सर्वांना वाटले असणार. परंतु दैवाची इच्छा निराळी होती. अण्णासाहेबांची प्रकृती ढासळली. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर या आपल्या जन्मगावी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगाला पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते. रामराज्यवियोग अपुरेच राहिले.

केवळ पाच वर्षांच्या अवधीत त्यांनी जे पेरले, त्याचे पीक महाराष्ट्र पुढे अनेक पिढ्या घेत राहिला. त्यांची पदे लोकांच्या ओठांवर राहिली. पण त्यांच्या मागे आणखी एक मोलाची गोष्ट उरली, ती म्हणजे तालमीची शिस्त. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जितके थोर, तितकेच तालीम देणारे गुरू म्हणूनही थोर ठरले. किर्लोस्कर मंडळीतील नटांना त्यांनी शब्द कसा टाकावा, पद कसे बोलावे, हे शिकविले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला. त्याला देवलांनी शकुंतलेच्या भूमिकेची तालीम दिली आणि मिरज येथे तो रंगभूमीवर उभा राहिला. हाच मुलगा बालगंधर्व या नावाने महाराष्ट्राच्या गळ्यातील ताईत झाला. शंकरराव मुजुमदारांनी प्रथम घडविलेली शकुंतला भाऊराव कोल्हटकरांकडे आली आणि पंचवीस वर्षांनी बालगंधर्वांपर्यंत पोहोचली. नट बदलले, प्रेक्षक बदलले. पण तांबेकरांच्या वाड्यातील ती तालीम जणू संपलीच नाही.

अण्णासाहेबांच्या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट मनावर ठसते. त्यांना विद्यार्थिदशेत यश मिळाले नाही. पहिली नाटक मंडळी टिकली नाही. आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे कचेरीत गेली. तरीही ज्या गोष्टीवर आपले खरे प्रेम आहे तिला त्यांनी अंतर दिले नाही, आणि पुन्हा संधी येताच केवळ प्रेमावर विसंबूनही ते राहिले नाहीत. आवडीला मेहनतीची जोड दिली. हौस ही दिव्याच्या वातीसारखी असते. ती पेटते चटकन; पण तेल नसेल तर विझतेही तितक्याच चटकन. तालीम हे ते तेल होय.

यापुढे शाळेच्या संमेलनात आपल्या वाट्याला एखादी भूमिका आली, मग ती राजाची असो की द्वारपालाची, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्याचा कंटाळा आला, तर दसरा आणि दिवाळी यांमधल्या त्या अडीच आठवड्यांची आठवण अवश्य करावी. दिवसभराच्या कामाने थकलेली ती माणसे संध्याकाळी एकत्र येत होती आणि चुकलेले पद पहिल्यापासून म्हणत होती. त्यांच्या त्या कंटाळा न करण्यातूनच मराठी भाषेला तिचे संगीत नाटक मिळाले.